शिंगं कापलेली गाय

माधवबागेच्या बाहेर, भुलेश्वरकडे वळणाऱ्या फुटपाथवर एक मावशी गाय घेऊन बसतात. मुंबईकरांना हे चित्र वेगळं सांगायला नको. खांबाला बांधलेली गाय, ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या गवताच्या पेंढ्या, परातीत पिठाचे लाडू. पैसे द्यायचे, पेंढी घ्यायची, आपल्याच हातानं गायीच्या तोंडाशी धरायची, पाठीवरून फिरवलेला हात कपाळाला लावायचा आणि कामाला पळायचं. गेल्या श्रावणात मी आणि माझी लेक तिथून जात होतो. लेक बारा वर्षांची आहे, तिला प्रश्न फार. तिनं पेंढी घेतली आणि विचारलं, "आई, ही कुठली गाय?" मी मोबाईलमधून डोकं वर न काढता सांगून टाकलं, "गीर असेल." देशी गाय म्हणजे गीर, हे तुपाच्या बरण्यांवरची चित्रं बघून बघून डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गायीकडे बघायची गरजच वाटली नाही.

मावशी सुतळी सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गीर कुटली वं? खिल्लार हाय ती."

मी बघितलं. गाय पांढरट राखाडी, अंगानं शेलाटी. पण डोक्यावर शिंगांच्या जागी दोन बोथट बुंधे. झालेली चूक झाकायला माणूस लगेच जाणकार होतो, तशी मी झाले. "खिल्लारची शिंगं केवढी लांब असतात मावशी, हिला कुठायत?" त्या म्हणाल्या, "कापली. हितं रस्त्यावर पोराबाळांना लागत्यात. आन् शिंगं कापली म्हून जात जाती व्हय?" मग म्हणाल्या, "गाव कंचं तुमचं?" मी सांगितलं, सांगोला, तिथून पुढं आटपाडीच्या वाटेला. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि एवढंच म्हणाल्या,

"मग?"

तो "मग?" मी चर्नी रोडपर्यंत ऐकत गेले. जिन्यावर, प्लॅटफॉर्मवर, बायकांच्या डब्यात. त्या स्टेशनच्या नावातही म्हणे गुरंच आहेत. इंग्रजांनी चराईवर कर बसवला तेव्हा जमशेटजी जीजीभॉयांनी ठाकुरद्वारजवळची जमीन विकत घेऊन लोकांच्या गुरांना फुकट चरायला दिली, आणि त्या चरणीवरून चर्नी रोड. ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून नाव पडलं असंही सांगतात. मला चरणी आवडते. पण त्या संध्याकाळी तेही नाव टोमणा मारल्यासारखं वाटलं. माणदेशातली बाई, खिल्लारच्या मुलखातली, आणि समोर खिल्लार उभी असताना गीर म्हणते.

आणि तीही गीर! चुकायचं तर निदान जवळपास तरी चुकावं. गीर ही सौराष्ट्रातली, तिचं कपाळ उपड्या कढईसारखं फुगलेलं, कान वाळत घातलेल्या पानासारखे लांब, खाली लोंबणारे, टोकाशी मुडपलेले. शिंगं डोक्यापासून आधी खाली आणि मागं जातात, मग वळतात. पापण्या जड, त्यामुळे ती सदा पेंगुळलेली दिसते. गळ्याखालची पोळी सैल, अंगाचा रंग बहुधा तांबडा किंवा तांबडे-पांढरे ठिपके. खिल्लारमध्ये यातलं काहीच सापडत नाही. तोंड लांबोडकं आणि अरुंद, कपाळाच्या मधोमध उभी खाच, कान लहान, टोकदार, आडवे. कातडी अंगाला घट्ट बसलेली, पोळी नावापुरती. शेपूट बारीक. आणि ती शिंगं, मुळाशी एकमेकांना जवळजवळ चिकटलेली, तिथून मागं जाऊन वर उसळलेली. गीर बसलेली शोभते. खिल्लार बसलेली असली तरी आता उठून पळणार असं वाटतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही दिसलं नाही, याचंच वाईट वाटत होतं.

आमच्या गावच्या घरी दावण घराच्या आतच होती. दारातून आत गेलं की डाव्या हाताला चूल आणि उजव्या हाताला बैल. रात्री झोपेत जाग आली तर पहिला आवाज रवंथाचा यायचा, मग घंटेचा एक अर्धवट ठोका, मग आजीचा खोकला. शेण, ओली वैरण आणि रॉकेलच्या चिमणीचा मिळून एक वास होता. तो मला अजून कुठंही, म्हणजे पार एखाद्या महागड्या हॉटेलात हिरवी लॉन कापत असताना सुद्धा, क्षणभर येऊन जातो. सुट्टीत आम्ही मुंबईची पोरं गेलो की आबा, म्हणजे माझे आजोबा, माझ्या भावाला गोठ्यात घेऊन जायचे. खोंडाचं तोंड उघडून दात दाखवायचे. अदत म्हणजे दुधाचेच दात, मग दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. पाठीवर हात फिरवून भोवरे मोजायचे, कुठला भोवरा शुभ आणि कुठला खोडीचा ते सांगायचे. मला कुणी बोलावलं नाही. पोरीला काय करायचंय बैलाचं. पण मी उंबऱ्यावर बसून ऐकायचे, आणि माझ्या बाजूला आजी असायची.

आजीला शिंगांशी देणंघेणं नव्हतं. ती अंधारात गायीच्या अंगावर हात ठेवून सांगायची ही कोण ते. एका उन्हाळ्यात गाय व्याली तेव्हा तिनं मला उठवून नेलं. कंदिलाच्या उजेडात पांढरं वासरू, ओलं, पाय फाकून उभं राहायच्या खटपटीत, आणि त्याच्या टाळूवर गंजासारखा तांबूस डाग. मला वाटलं रक्त लागलंय. आजी म्हणाली, "न्हाई गं, द्येवानं कुंकू लावून धाडलंय." तो डाग दोनेक महिन्यांत आपोआप जातो. दिवाळीला परत गेले तेव्हा वासरू पार पांढरं झालं होतं. खिल्लारच्या वासरांचं ते लक्षणच असतं हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. गुजरातेतल्या काँकरेजच्या वासरांनाही असाच तांबूस माथा असतो, तोही जातो. पण वाचून कळलं त्या दिवशी मला आनंद झाला नाही. आजीचं कुंकू कुणीतरी पुसल्यासारखं वाटलं.

खिल्लार या शब्दाचा मूळ अर्थ नुसता कळप. म्हणजे जिच्या नावानं लोक मिशीला पीळ देतात, त्या गायीचं नाव काय, तर गुरं! त्या गुरांमध्येही पुन्हा पोटभेद. आटपाडी महालची करडी-पांढरी. म्हसवडचीही तशीच, नरांचा पुढचा आणि मागचा भाग गडद. तापीकाठची थिलारी, तिचं नाक आणि खूर गाजरी रंगाचे. आणि एक चक्क नकली, विटकरी झाक असलेली. नकली हे अधिकृत नाव आहे, मी ठेवलेलं नाही. बाजारात यापेक्षा वेगळीच नावं चालतात, काजळी, कोसा. भुलेश्वरची ती गाय काजळी असणार. डोळ्यांच्या कडा काळ्याभोर होत्या, जणू कुणी सकाळी काजळ घालून पाठवलंय. हे मला त्या दिवशी दिसलं नव्हतं, लेकीनं काढलेल्या फोटोत रात्री दिसलं.

आबांना हे सगळं नावांशिवाय यायचं. त्यांना हवा तो वळू गावात नसला तर गाय घेऊन ते दोन दिवस चालत म्हसवडच्या बाजूला जायचे. शेजाऱ्याचा वळू चांगला धडधाकट होता, फुकट होता, पण त्याच्या आजीत कुठंतरी डाग आहे म्हणून त्यांनी तो कधी लावला नाही. शेजारी त्यावरून चार वर्षं बोलत नव्हता. खरसुंडीच्या यात्रेत आबांच्या खोंडाभोवती माणसं जमायची, आणि मग उपरण्याखाली हात जाऊन बोटांनी भाव व्हायचा. तोंडावर काही नाही, उपरण्याखाली सगळी बोली. मला ते फार भारी वाटायचं.

आबा स्थळं बघतानाही असेच काटेकोर होते, हे मला फार उशिरा दिसलं. धाकट्या आत्यानं पुण्यात स्वतःचं स्वतः लग्न केलं. आबा तिच्याशी अकरा वर्षं बोलले नाहीत. आणि त्यांनी वापरलेला शब्द तोच होता, डाग.

आपल्या भाषेत जनावराला आणि माणसाला जात एकच. जातिवंत बैल, जातवान घोडा, जातीचं जनावर, आणि "कोण तुमच्यात?" सगळं एकाच खुंटीला. आता मासिकांत गायीसाठी वंश किंवा प्रजाती असं लिहितात, पण दावणीला बसलेला माणूस जातच म्हणतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, १९७२च्या दुष्काळात आबांनी बैल विकले त्यानंतर मुंबईत आले आणि काळाचौकीत खोली शोधत फिरले. ते सांगायचे की तीन प्रश्न ठरलेले असायचे. गाव कोणतं. तिथं कुठल्या आळीला. आणि आडनाव काय. "खोंडाचं तोंड उघडून दात मोजत्यात तसं," अण्णा म्हणायचे. एका ठिकाणी खोली मिळाली होती, अनामत दिली होती, तिसऱ्या प्रश्नानंतर ती परत केली गेली. आमची जात कोणती ते मी इथं लिहीत नाही. लिहिली की तुम्ही आबांना, अण्णांना, आत्याला सगळ्यांना त्या चष्म्यातून पुन्हा पहिल्यापासून वाचाल. आम्हाला घरात एक शिकवण होती, कुणी विचारलं तर गाव सांगायचं आणि बैलांवर बोलत राहायचं. सांगोल्याचं नाव निघालं की समोरचा खिल्लारवर यायचाच, आणि तिसरा प्रश्न लांबणीवर पडायचा.

अण्णा गिरणीत लागले. संप झाला तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे मला गिरणीतले अण्णा आठवतच नाहीत. मला आठवतात ते नंतर कुठंकुठं नोकऱ्या करणारे आणि सकाळी मला शाळेत सोडणारे अण्णा. तेव्हा मुंबईत रॉकेल बैलगाडीवरून यायचं. गोल टाकीचा गाडा, मागं तोटी, बायकांची डब्यांची रांग आणि पुढं एक बैल, ट्रकच्या भोंग्याला न बिचकणारा. अण्णा तिथं थांबायचेच. रांगेकडे त्यांचं लक्ष नसायचं, ते बैलाचे पाय बघायचे, खुरांना ठोकलेल्या लोखंडी पत्र्या बघायचे. "पत्री झिजलीय. डांबरानं खूर खाल्लं ह्याचं." कधी जुवानं सुजलेल्या मानेवर बोट ठेवायचे, "खांदा आलाय." गाडीवान उत्तरेकडचा होता. त्याला वाटायचं हा माणूस पालिकेचा.

आमच्याकडे बेंदूर असतो. पोळा नाही. कॅलेंडरवर आषाढात अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'महाराष्ट्रीय बेंदूर', मुंबईत त्या दिवशी काहीच होत नाही. त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं. मी दुसरीत असेन. पाऊस होता. अण्णांनी आईकडून वर्तमानपत्राच्या तुकड्यात हळद आणि बोटभर तूप घेतलं आणि मला घेऊन खाली उतरले. गाडा रेशन दुकानासमोर उभा होता. अण्णा गाडीवानाला म्हणाले, "भय्या, पाच मिनिट." जू थोडं वर उचलायला लावलं आणि खांद्याला हळद चोळायला लागले. बैलाची कातडी थरथरली, मग त्यानं मान खाली घातली. पावसानं हळद पोळीवरून ओघळून खाली फूटपाथच्या कडेच्या पाण्यात पिवळी धार धरली. रांगेतली एक बाई हसली. अण्णांनी हात आपल्याच शर्टाला पुसले, तो पिवळा डाग पुढं कधी निघाला नाही. मी विचारलं, "अण्णा, हा खिल्लार आहे?" अण्णा म्हणाले, "न्हाई. कुठला कोण जाणे. बैल हाय."

आता कामाच्या ठिकाणी माझ्या शेजारच्या टेबलावर उदगीरचे एक गृहस्थ बसतात. त्यांच्यासमोर खिल्लारचं कौतुक करायची सोय नाही. ते देवणी गायवाले. सगळं शरीर पांढरंशुभ्र असेल तर बालंक्या, अंग पांढरं आणि तोंड काळवंडलेलं असेल तर वानेरा, पांढऱ्यावर काळे बेढब ठिपके असतील तर शेवरा, हे त्यांनी मला डब्यातली भाकरी मोडत इतक्यांदा सांगितलंय की मला झोपेतही येईल. देवणीचं कपाळ आणि लोंबते कान गीरच्या वळणाचे. "तुम्ही देवणीला गीर म्हणाला असतात तर मी समजून घेतलं असतं," ते म्हणाले, "पण खिल्लारला?" मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, की तुमची खिल्लार दिसायला राणी, पण दूध वासरापुरतं, आमची ओढतेही आणि दूधही देते. हे खरं आहे. खिल्लार दुधासाठी घडलेलीच नाही. कोरड्या, दगडी मुलखात पल्ला मारायचा आणि कमी खायचं, यासाठी लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणली.

पाऊस काय करतो ते बघायचं तर डांगी गाय बघावी. भंडारदऱ्याला जाताना अकोले तालुक्यात राजूरच्या अलीकडे एक गाय धो धो पावसात माळावर निवांत चरताना दिसली. बुटकी, भरीव, पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, काळेकुळकुळीत खूर. आमची खिल्लार त्या पावसात आठ दिवसांत आजारी पडली असती. मालक इरलं घेऊन बसला होता. तो म्हणाला, हात लावून बघा. मी लावला तर तळव्याला तेलकट लागलं. डांगीच्या कातडीतून तेलासारखं काहीतरी स्रवतं आणि पाणी अंगावर ठरत नाही. गाडीत बसल्यावर रुमालानं हात पुसला तरी तो वास, किंचित उग्र, इगतपुरी येईपर्यंत होता.

सासूबाई रत्नागिरीकडच्या. त्यांच्या गोठ्यातली गाय लहानखुरी, डोंगर चढणारी, दूध दोन तांबे दिलं तर देव पावला. तिला त्या आयुष्यभर 'गावठी' म्हणाल्या. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं तिची वेगळी जात म्हणून नोंद केली, कोकण कपिला. मी मोठ्या उत्साहानं फोन करून सांगितलं. पलीकडून आलं, "हो का? मग आता दूध वाढवणार आहे का?" नोंद नसलेल्या गुरांना सरकारी भाषेत अवर्णित म्हणतात. ज्यांचं वर्णन कुणी केलेलं नाही ती. देशातली बहुतेक देशी गुरं याच रकान्यात आहेत. कपिला कालपर्यंत त्या रकान्यात होती, आणि त्याच डोंगरावर चढत होती.

गावी चुलतभावाकडे आता दोन गोठे आहेत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा एचएफ आणि जरशी, म्हणजे विदेशी रक्ताच्या दुधाळ गायी, त्यांच्या दुधावर घर चालतं. २०१९च्या पशुगणनेत देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटला आणि संकरित-विदेशी जवळपास २७ टक्क्यांनी वाढला, तो आकडा म्हणजे ते शेड. पुढं, रस्त्यावरून दिसेल असा, एक खिल्लार खोंड. २०१४ साली बैलगाड्यांच्या शर्यती बंद झाल्या तेव्हा भावानं दावण रिकामी केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं परवानगी दिली आणि खोंडाचे भाव कुठल्या कुठं गेले. आता त्याला पंखा आहे, खारीक-बदाम आहे, नावाचं इन्स्टाग्राम खातं आहे. भाऊ त्याच्या आईची, आज्याची वंशावळ मोबाईलवर दाखवतो. मी विचारलं, हा नांगराला चालतो का? भाऊ असा हसला, जणू मी नवरदेवाला भांडी घासायला सांगितली.

तरीही सांगते, तो खोंड संध्याकाळच्या उन्हात मान वळवून उभा राहिला तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. ती शिंगं, तो ताठा. शुद्धतेच्या गप्पांचा मला कंटाळा आहे, आबांच्या अकरा वर्षांच्या अबोल्याचा राग आहे, आणि त्याच आबांच्या हट्टामुळे अशी मान अजून या जगात आहे, हेही कळतं. दोन्ही एकदम कसं बाळगायचं ते मला जमलेलं नाही.

मार्गशीर्षात पुन्हा भुलेश्वरला जाणं झालं. लेक बरोबर होतीच. मावशी त्याच खांबाशी, पण गाय दुसरी. मला ओळखून त्या हसल्या. "या. आता ही वळखा." मी या वेळी पिशवी खाली ठेवली आणि नीट बघितलं. अंगावर काळे-पांढरे पट्टे एचएफसारखे, पण वशिंड होतं, लहानसं, एका बाजूला कललेलं. कान ना लोंबते ना टोकदार. कपाळावर हात फिरवला तर खाच नाही, फुगवटाही नाही. मी म्हटलं, "मावशी, हिला नाव सांगता येणार नाही. मिसळ आहे." मावशी खूश झाल्या. "आता बराबर. पयली मालकानं गावाकडं न्हेली. हिला काय जात न्हाई. पर गुणी हाय." मग पेंढ्यांवरचं गोणपाट नीट करत, सहज, अगदी सहज म्हणाल्या, "आन् आडनाव काय म्हनलात तुमचं?"

मी सांगितलंच नव्हतं. सवयीनं मी बैलांवर यायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेकीनं पेंढी उचलत मोठ्यानं तिचं पूर्ण नाव सांगून टाकलं, बापाच्या आडनावासकट. मावशींनी ते आडनाव मनात सांगोल्याच्या आळ्यांमधून फिरवून आणलं. कुठंच बसेना. "हे तर कोकणातलं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, तिच्या कपाळाकडे, कानांकडे, पुन्हा माझ्याकडे. आणि काही विचारणार तोच गायीनं लेकीच्या हातातली पेंढी सुतळीसकट ओढली. "आई, दोरी खातेय ती!" लेक ओरडली, आणि मावशी उठून गायीच्या जबड्यात हात घालायला धावल्या.